दोन फऱ्यांच्या मधलं दुखणं



आधीच सांगून टाकतो, मी डॉक्टर नाही. साधा सॉफ्टवेअरवाला इंजिनियर आहे. पण गेली दोन वर्षं पाठीच्या वरच्या भागाशी माझं जे काही भांडण चाललं, त्यात पैसे गेले, वेळ गेला आणि शेवटी एक मोठी चूकही होता होता राहिली. आपल्यातले निम्मे लोक दिवसातले दहा तास स्क्रीनपुढे बसतात, आणि बऱ्याच जणांकडे उन्हाळ्यात आई-बाबा राहायला येतात. त्या दोन्ही कारणांसाठी हे लिहितोय. जरा लांबलंय, चहा घेऊन वाचा.

सुरुवात अगदी साधी. मानेच्या खाली, खांद्याच्या दोन पात्यांच्या मधे (आमची आजी त्यांना फरे म्हणायची), डाव्या बाजूला एक बोट ठेवता येईल एवढीच जागा. सकाळी काही नाही. दुपारी तीनच्या मीटिंगपर्यंत तिथे कोणीतरी पेटती काडी धरल्यासारखं व्हायचं. मी खुर्चीच्या पाठीवर ती जागा घासायचो, बायकोला म्हणायचो, "जरा इथे कोपर दाब ना." ती दाबायची, पाच मिनिटं स्वर्ग, मग पुन्हा तेच.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "उसण भरली असेल, कोणीतरी पायाळू शोध आणि पाठीवरून पाय फिरवून घे." आता न्यू जर्सीत पायाळू माणूस कुठून आणणार? :-) शिवाय उसण ही अचानक भरते, वाकताना किंवा वजन उचलताना. माझं दुखणं हळूहळू मुरलेलं होतं.

हे दुखतं तरी का?

पाठीच्या कण्यात मानेचे ७ मणके, त्याखाली छातीच्या मागचे १२, मग कंबरेचे ५. मधल्या १२ मणक्यांना फासळ्या जोडलेल्या असतात, त्यामुळे हा भाग मान-कंबरेच्या मानाने कमी हलतो. म्हणून चकती सरकण्याचे प्रकारही इथे त्यामानाने कमी. वरच्या पाठीचं दुखणं बहुतेक वेळा स्नायूंचं आणि सांध्यांचं असतं. मानेपासून खांद्यापर्यंत आणि खाली पाठीच्या मध्यापर्यंत पसरलेला ट्रॅपेझियस, फऱ्यांना कण्याशी बांधून ठेवणारे ऱ्हॉम्बॉइड, आणि मानेतून फऱ्याच्या वरच्या कोपऱ्यावर उतरणारा लेव्हेटर स्कॅप्युली, ही त्यातली मुख्य मंडळी.

आपण टाईप करतो तेव्हा हे स्नायू काही जोराचं काम करत नाहीत. पण ते सुटतही नाहीत. हात पुढे, डोकं पुढे, आणि त्या दोन्हींना मागून धरून ठेवण्याचं काम तासन् तास चालू. रिकामी पिशवी हातात धरून आठ तास उभं राहिलं तर काय होईल? तसंच.

डोक्याचं वजन साधारण ५ किलो. २०१४ साली न्यूयॉर्कच्या एका सर्जनने कॉम्प्युटर मॉडेल वापरून हिशोब मांडला होता की मान ६० अंश पुढे वाकवली तर मानेवर येणारा भार २७ किलोच्या आसपास जातो. हा आकडा तुम्ही फॉरवर्डमधे वाचला असेल. पण तो हिशोब आहे, कुणाच्या मानेत काटा लावून केलेलं मोजमाप नव्हे. आणि नुसतं वाकून बसल्याने प्रत्येकाला दुखतंच असंही नाही. माझ्या फिजिकल थेरपिस्टने पहिल्याच दिवशी सांगितलं, "चुकीची बैठक म्हणजे तीच, जी तू तीन तास बदलत नाहीस." हे वाक्य मी मॉनिटरवर चिकटवलंय.

अजून एक गोष्ट. मानेच्या खालच्या मणक्यांमधली तक्रारही बऱ्याचदा फऱ्याच्या आतल्या कडेला जाणवते. हातात मुंग्या येत असतील, बोटं बधिर होत असतील, मान एका बाजूला वळवली की कळ हातात उतरत असेल, तर मूळ मानेत असू शकतं. मग नुसती पाठ चोळून उपयोग नाही, दाखवायला हवं.

मी काय काय केलं (आणि कशाचा उपयोग झाला)

पहिल्यांदा मी तेच केलं जे आपण सगळे करतो, म्हणजे खरेदी. महागडी खुर्ची आणली. थोडा फरक पडला, पण खुर्चीच्या किमतीएवढा नक्कीच नाही. खरा फरक पडला तो फुकटच्या गोष्टींनी:

१. लॅपटॉप उचलला. लॅपटॉपची मूळ अडचणच ही की स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना चिकटलेले. स्क्रीन बरोबर उंचीवर आणली तर हात वर जातात, हात बरोबर ठेवले तर मान खाली. जाडजूड चार पुस्तकांवर लॅपटॉप ठेवला आणि वेगळा कीबोर्ड-माउस जोडला. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जराशी खाली, अंतर हातभर. ज्यांना प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे त्यांनी स्क्रीन अजून थोडी खाली घ्यावी, नाहीतर खालच्या काचेतून बघायला हनुवटी वर करून बसावं लागतं.

२. माउस जवळ आणला. रुंद कीबोर्डला उजवीकडे आकड्यांचा पट्टा असतो, त्यामुळे माउस पार लांब जातो आणि उजवा हात दिवसभर ताणलेला राहतो. आकडे लागत नसतील तर आखूड कीबोर्ड घ्या. कोपर अंगाजवळ, साधारण काटकोनात.

३. अर्ध्या तासाला उठणं. मी फोनवर गजर लावला. नुसतं उभं राहून पाणी आणायचं, दोन मिनिटांत परत. मॅनेजरला वाटलं मी सिगरेट ओढायला लागलो :-)

४. शेक. रबरी पिशवी किंवा हीटिंग पॅड, १५-२० मिनिटं, मधे पंचा ठेवून. मात्र आपण देशातून येताना जे बाम आणतो, ते चोळून त्यावर हीटिंग पॅड ठेवू नका. त्यातल्या औषधांनी आणि उष्णतेने मिळून कातडी भाजू शकते. मला फोड आले तेव्हा कळलं. एकतर बाम, नाहीतर शेक.

५. झोपून न राहणं. पहिल्या आठवड्यात मी दोन दिवस सुट्टी घेऊन आडवा झालो होतो. उठलो तेव्हा पाठ लाकूड झालेली. साध्या स्नायूंच्या दुखण्यात शक्य तेवढं हलत राहणं हेच औषध आहे. फार दुखेल ते टाळा, बाकी चालू ठेवा.

व्यायाम

हे रोजचे, एकूण दहा मिनिटं:

- खुर्चीत ताठ बसून दोन्ही फरे एकमेकांकडे आणि किंचित खाली ओढायचे, ५ सेकंद धरायचे, सोडायचे. १० वेळा. खांदे कानाकडे जाऊ द्यायचे नाहीत.
- हनुवटी सरळ मागे घ्यायची, जणू कोणीतरी नाकावर बोट ठेवून ढकलतंय. मान वाकवायची नाही. १० वेळा.
- दाराच्या चौकटीत उभं राहून दोन्ही हात कोपरात वाकवून चौकटीला टेकवायचे आणि एक पाऊल पुढे. छाती ताणली जाते. ३० सेकंद, तीनदा.
- पंचाची जाड गुंडाळी करून जमिनीवर फऱ्यांच्या खाली आडवी ठेवायची, त्यावर उताणं पडायचं, हातांनी डोक्याला आधार. मिनिटभर. (हाडं ठिसूळ असणाऱ्यांनी हे करू नये.)
- मार्जारासन आणि भुजंगासन. शाळेत पीटीच्या तासाला टंगळमंगळ केली त्याचं व्याज आता फेडतोय.
- रबरी पट्टा दाराच्या मुठीला अडकवून स्वतःकडे ओढायचा, विहिरीचं पाणी शेंदल्यासारखं. १२ वेळा, दोन फेऱ्या, एक दिवसाआड.

हा शेवटचा प्रकार सगळ्यात महत्त्वाचा. ताणण्याने तात्पुरतं बरं वाटतं, पण स्नायूंत ताकद आली की ते दिवसभर टिकतात. डेन्मार्कमधे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मान-खांदे वारंवार दुखणाऱ्या १९८ लोकांना, बहुतेक ऑफिसात बसून काम करणारे, तीन गटांत वाटलं. एका गटाला रबरी पट्ट्याने रोज २ मिनिटं व्यायाम, दुसऱ्याला १२ मिनिटं, तिसऱ्याला नुसती माहिती. आठवड्यातून पाच दिवस, १० आठवडे. व्यायामाच्या दोन्ही गटांचं दुखणं कमी झालं, अगदी २ मिनिटंवाल्यांचंसुद्धा. म्हणजे "वेळ नाही" हे कारण आता चालणार नाही.

माझं म्हणाल तर तिसऱ्या आठवड्यात फरक जाणवला आणि दोन महिन्यांत ती पेटती काडी विझली. सोडलं की परत येते, हेही दोनदा तपासून झालंय.

अमेरिकेतल्या मंडळींसाठी: फिजिकल थेरपिस्टकडे आता सगळ्या ५० राज्यांत कुठल्या ना कुठल्या स्वरूपात डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय जाता येतं. पण तुमच्या इन्शुरन्सला चिठ्ठी लागते का आणि किती वेळा जाता येतं, ते आधी फोन करून विचारा. मी चार वेळा गेलो, व्यायाम शिकून घेतला आणि पुढे घरी केला. "एमआरआय करूया का?" असं मी पहिल्याच भेटीत विचारलं होतं. काही धोक्याचं लक्षण नसेल तर पहिल्या काही आठवड्यांत तो सहसा लागत नाही. १९९५ च्या एका अभ्यासात वरच्या पाठीची काहीही तक्रार नसलेल्या ९० लोकांचा छातीच्या मागच्या मणक्यांचा एमआरआय काढला, तर त्यातल्या ७३ टक्के लोकांच्या एमआरआयमधे काही ना काही "दोष" दिसला. म्हणजे फोटोत काहीतरी सापडणारच, आणि मग आपण त्याचीच काळजी करत बसणार.

गोळ्यांबद्दल, जरा लक्ष देऊन

आपल्या प्रत्येकाच्या घरात देशातून आणलेल्या औषधांचा एक डबा असतो. त्यातली कॉम्बिफ्लाम ही सगळ्यांची लाडकी. तिच्यात दोन औषधं आहेत, आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम. इथे अ‍ॅडव्हिल म्हणजे आयबुप्रोफेनच, आणि टायलेनॉल म्हणजे पॅरासिटामॉलच (इथे त्याला अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात). सकाळी कॉम्बिफ्लाम, दुपारी अ‍ॅडव्हिल, रात्री सर्दीसाठी नायक्विल, त्यातही अ‍ॅसिटामिनोफेन! नावं वेगळी म्हणून औषधं वेगळी असं समजून आपण तेच तेच दुप्पट घेतो. डॉक्टरच्या सल्ल्याशिवाय आयबुप्रोफेन दिवसाला १२०० मिलिग्रॅमच्या वर नको, आणि पॅरासिटामॉल सगळीकडचं मिळून कुठल्याही परिस्थितीत ४ ग्रॅमच्या वर नको, यकृताला धोका असतो. आणि देशात सर्रास मिळणारं निमेसुलाइड अमेरिकेत कधीच मंजूर झालेलं नाही, ते डब्यातून काढूनच टाका.

डायक्लोफिनॅकचं जेल इथे २०२० पासून चिठ्ठीशिवाय मिळतं, पण ते हात-पायांच्या सांध्यांच्या संधिवातासाठी. पाठीसाठी नाही, तसं पाकिटावर बघायला मिळेल.

आता जे सांगायचंय ते. आयबुप्रोफेनच्या जातीच्या गोळ्यांनी पोटात व्रण होऊ शकतो, मूत्रपिंडावर ताण येतो, रक्तदाब वाढू शकतो. आणि हार्ट अ‍ॅटॅक व पक्षाघाताचा धोकाही वाढतो. अमेरिकेच्या एफडीएने २०१५ साली ही सूचना आणखी कडक केली, की हा धोका अगदी पहिल्या काही आठवड्यांतही असू शकतो, आणि हृदयाचा त्रास असणाऱ्यांना जास्त. हे मला माहीत नव्हतं. माहीत झालं ते असं.

बाबांची पाठ

मागच्या उन्हाळ्यात आई-बाबा आले. बाबा ६८ वर्षांचे, बँकेतून रिटायर झालेले, मधुमेह आणि ब्लडप्रेशर दोन्ही. आल्यावर दहा-बारा दिवसांनी म्हणाले, "अरे, पाठीत फऱ्यांच्या मधे भरून आल्यासारखं होतंय." मी एकदम खूश! या विषयातला मी घरचा तज्ज्ञ. म्हटलं, "बाबा, विमानात अठरा तास बसलात, शिवाय तुमची ती सोफ्यावर वाकून फोन बघायची सवय." त्यांना शेक दिला, फरे ओढायचा व्यायाम शिकवला आणि रात्री एक कॉम्बिफ्लाम. दुसऱ्या दिवशी अजून दोन. ते म्हणाले बरं वाटतंय. ते नेहमीच बरं वाटतंय म्हणतात. आपल्याला डॉलरमधे खर्चात टाकायचं नाही, हे त्यांनी विमानात बसतानाच ठरवलेलं असतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ओट्यापाशी भांडी आवरत होतो. आई सहज म्हणाली, "मला एक कळत नाही. ह्यांना बसल्यावर नाही दुखत. सकाळी फिरायला जातो ना, तो शाळेजवळचा चढ आला की दुखतं. थांबले की जातं. आज तर दोनदा थांबले. आणि आत्ता जिना चढून आले तेव्हाही."

माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं. माझी पाठ बसल्यावर दुखायची, चालल्यावर मोकळी व्हायची. हे बरोब्बर उलटं होतं. मी बाबांना एकही प्रश्न न विचारता माझ्या दुखण्यावरचा इलाज त्यांना चिकटवला होता. ऑफिसात एखाद्या ज्युनियरने लॉग न वाचता असा पॅच टाकला असता तर मी त्याला फाडून खाल्लं असतं.

कॉलेजचा एक मित्र आता इथेच डॉक्टर आहे, म्हणजे त्याची बायको. तिला फोन केला. तिने दोनच प्रश्न विचारले. "दाबल्यावर किंवा हात हलवल्यावर दुखतं का?" नाही. "घाम येतो, दम लागतो?" बाबांना विचारलं, तर म्हणाले, "थोडा घाम येतो, पण इथे उकाडाच आहे." ती म्हणाली, "९११ ला फोन कर. स्वतः गाडी चालवून नेऊ नकोस."

हॉस्पिटलमधे पहिला ईसीजी जवळजवळ नॉर्मल होता. बाबा माझ्याकडे "बघ, उगाच" अशा नजरेने बघत होते. मग रक्तातलं ट्रोपोनिन वाढलेलं आलं. सकाळी अँजिओग्राफी, एका धमनीत मोठा अडथळा, स्टेंट. तिथल्या डॉक्टरांनी मला विचारलं, "गेल्या काही दिवसांत कोणत्या गोळ्या घेतल्या?" मी कॉम्बिफ्लामचं पाकीट पुढे केलं. ते काही रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "ह्या आता नकोत." गोळ्यांनीच काही झालं असं ते म्हणाले नाहीत, आणि तसं कोणी सांगूही शकणार नाही. पण त्या रात्री वेटिंग रूममधल्या खुर्चीत माझी पाठ दुखत होती आणि पहिल्यांदाच मला तिचं काही वाटत नव्हतं.

बाबा ठीक आहेत. पुण्याला परतले, रोज सकाळी चालतात.

कधी थांबायचं नाही

आपण दक्षिण आशियाई लोक ह्या बाबतीत जास्त धोक्यात आहोत. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या ५२ देशांच्या अभ्यासात पहिल्या हार्ट अ‍ॅटॅकचं सरासरी वय दक्षिण आशियाई लोकांत ५३ होतं, इतरांत जवळपास ५९. आणि मधुमेह असेल, बाई असेल किंवा वय जास्त असेल, तर छातीत दुखण्याऐवजी पाठ, जबडा, खांदा किंवा नुसता थकवा, असंही असू शकतं. तेव्हा ही यादी फ्रिजवर लावा.

लगेच ९११ (किंवा तुमच्या देशातला नंबर):
- चालल्यावर किंवा चढावर येणारं आणि थांबल्यावर जाणारं पाठीतलं दुखणं, जे नव्याने सुरू झालंय किंवा वाढतंय. सोबत छाती, जबडा किंवा हात दुखत असेल, दम, मळमळ, दरदरून घाम असेल तर अजिबात वाट बघू नका.
- अचानक, काहीतरी फाटल्यासारखी भयंकर कळ. महारोहिणीला चीर पडली तर अशी येते.
- पाय लुळे किंवा बधिर पडणं, लघवी-संडासवरचा ताबा जाणं.
- मोठी पडझड किंवा अपघातानंतरचं दुखणं.

एक-दोन दिवसांत डॉक्टरकडे:
- ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारं आणि कुठल्याच कुशीवर न थांबणारं दुखणं. आपल्याकडच्या लोकांत मणक्याचा क्षय हेही एक कारण असतं, आणि तो बऱ्याचदा छातीच्या मागच्या मणक्यांतच होतो. इथल्या डॉक्टरला तो चटकन सुचेलच असं नाही, तेव्हा घरात कुणाला टीबी झाला असेल तर आपणहून सांगा.
- म्हाताऱ्या माणसांत, विशेषतः आईच्या वयाच्या बायकांत, साधं वाकल्यावर किंवा खोकल्यावर अचानक सुरू झालेलं दुखणं. ठिसूळ झालेला मणका दबलेला असू शकतो.
- पूर्वी कॅन्सर झालेला असणं, किंवा बरेच दिवस स्टिरॉइड चालू असणं.
- जेवणानंतर, विशेषतः तेलकट खाल्ल्यावर उजव्या फऱ्याखाली येणारी कळ. पित्ताशय बघून घ्या.

आणि यातलं काहीच नसेल, पण चार-सहा आठवड्यांत उतार नसेल, तरी दाखवाच.

पाहुणे म्हणून आलेल्या आई-बाबांचा इन्शुरन्स कितीही तोकडा असला, तरी अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने मेडिकेअर घेणाऱ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागाला आधी तपासावं आणि जीव स्थिर करावा लागतो, पैशाचं नंतर. बिल येतं, मोठं येतं, पण त्यावर नंतर बोलता येतं, हप्ते पाडून मिळतात. आमचंही अजून चालूच आहे. इन्शुरन्स घेताना आधीपासूनच्या आजाराबद्दलचं बारीक अक्षरातलं कलम मात्र जरूर वाचा, मी वाचलं नव्हतं.

तर मंडळी, तुमची स्वतःची पाठ दुखत असेल तर लॅपटॉपखाली चार पुस्तकं ठेवा, अर्ध्या तासाने उठा आणि रबरी पट्टा ओढा. पण घरात दुसऱ्या कुणाची दुखत असेल, तर आधी एवढं विचारा: कधी दुखतं? काय केल्यावर थांबतं? आणि त्यांच्या उत्तरावर भागवू नका, त्यांच्याबरोबर फिरायला जाणाऱ्या माणसालाही विचारा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक (माजी) पाठदुखीग्रस्त